तायडे मॅडमचं ‘नाक’

तायडे मॅडम दगड चाटायच्या. मी अंतराळ संस्थेत रुजू झालो त्या सकाळी त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून मी पहिल्यांदा पाहिलं ते हेच. सावळ्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेल्या एक बाई खिडकीशी उभ्या होत्या. हातातल्या काळ्या दगडाला त्यांनी जिभेचं टोक लावलं, दगड उजेडात तिरपा धरला आणि डोळे बारीक करून त्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, “तू अन्वर ना? रोहिणखेडचा?”

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नाही.

“तोंड उघड ना बे! इथं दगड बोलून राह्यले, अन् तू काऊन मुका?”

घरापासून इतक्या दूर, जिथे सगळे एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात अशा इमारतीत कुणी मला आमच्या वऱ्हाडीतलं ‘बे’ म्हणेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून चारचौघांत त्या मॅडम आणि दोघंच असलो की ताई, असं आपोआप ठरून गेलं. दगड ओला झाला की त्यातले कण उठून दिसतात, म्हणून जुने भूशास्त्रज्ञ तो चाटतात, हे त्यांनी नंतर समजावलं. मलाही चाटायला लावलं. दगड लोणारच्या विवरातला होता. खारट लागला.

विशाखा तायडे पिंपळगाव राजाच्या. वडील खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई शेतात मजुरीला. गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून त्या शिकल्या. कॉलेजच्या सहलीत लोणारला गेल्या, आणि आकाशातून पडलेल्या एका धोंड्यानं आपल्याच जिल्ह्याला एवढा मोठा खड्डा पाडलाय हे पाहून त्या काठावर बसूनच राहिल्या. बाकीच्या मुली बसमध्ये जाऊन बसल्या तरी यांना उठवेना. “तिथं मले समजलं,” त्या सांगायच्या, “का आपलं गाव अन् चंद्र एकाच मारातून गेलेले आहेत.” चंद्रावरही असाच काळा खडक आहे, त्यावरही असेच आघात झाले आहेत. त्या दगडांच्या पोटात पाणी आहे का, असलं तर कुठून आलं, या एका प्रश्नापायी त्यांनी पुढचं सगळं आयुष्य दिलं. लग्न केलं नाही. “राहून गेलं” एवढंच सांगायच्या.

त्या प्रश्नासाठी आम्ही एक यंत्र बनवत होतो. चिमूटभर दगड तापवायचा आणि त्यातून निघणाऱ्या वाफेत काय काय आहे ते ओळखायचं. यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. आम्ही त्याला ‘नाक’ म्हणायचो. दरवर्षी हिवाळ्यात आम्ही ते लोणारला न्यायचो. सरोवराच्या उग्र वासात, बाभळींच्या सावलीत टेबल मांडून दगडांमागून दगड हुंगवायचो. नाक चुकलं की ताई त्यालाच रागवायच्या, “सर्दी झाली का बापा तुले?” बरोबर उत्तर आलं की मात्र डब्यातली ज्वारीची भाकर मोडून पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायच्या.

चंद्रावर उतरणाऱ्या यानात नाकाची जागा पक्की झाली, तेव्हा मी संस्थेत बराच मुरलो होतो. यान एका जुन्या विवराच्या काठाशी उतरणार होतं. ती जागा ताईंनी शोधलेली. मग एका सकाळी संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. ते दिल्लीहून आले होते आणि खुर्चीच्या कडेला बसले होते. उतरण्याची जागा बदलली आहे, म्हणाले. नवी जागा सपाट आहे, उजेड भरपूर आहे. उतरण्याचा दिवसही ठरला आहे. तो सोहळा देशभर थेट दिसला पाहिजे, म्हणून मोठा कॅमेरा आणि त्याची वेगळी यंत्रणा यानात जाईल. आणि वजनाचं गणित बसत नसल्यामुळे…

“नाक काढलं,” ताई म्हणाल्या.

“वरून आलंय, मॅडम.”

“वर म्हणजे किती वर, सर? आपण तर चंद्रापर्यंत जातो.”

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगाच थोडा सरकवला आणि म्हणाले, “मी नाही म्हटलं असतं तर पुढच्या वर्षाचा निधी थांबला असता. तुमच्या गटाचासुद्धा. आणि जाहीर होईपर्यंत हे या खोलीबाहेर जायला नको.”

त्या दिवशी दुपारी मी ताईंना राजीनामा द्या म्हटलं. वर्तमानपत्रात लिहा म्हटलं. त्या नाकाच्या काचेच्या कपाटासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, “लिहिलं तर नोकरी जाते अन् नाक भंगारात जाते. सोडून गेली तरी नाक भंगारात जाते. राह्यली, तर निदान याच्यावरची धूळ तरी पुसता येते.” मग खरोखरच खिशातून रुमाल काढून त्यांनी काच पुसली.

याच काळात आमच्या जिल्ह्यात, नांदुऱ्याला त्यांचा सत्कार ठरला. ठरवला एका मंत्र्यांनी. जिल्ह्यातल्या बाईचं यंत्र चंद्रावर जाणार, ही बातमी पूर्वीच छापून आलेली होती आणि निवडणूक जवळ होती. ताईंनी संचालकांना फोन करून विचारलं, नाही गेलं तर चालेल ना? संचालक म्हणाले, जावंच लागेल, मंत्र्यांकडून विचारणा झाली आहे. फक्त यंत्राबद्दल नवीन काही बोलू नका.

मी सोबत गेलो. रेल्वे स्टेशनपासून बाजारापर्यंत फलक लागले होते. ‘चंद्रावर आपली लेक!’ त्यावर मंत्र्यांचा चेहरा मोठा, ताईंचा लहान, आणि कोपऱ्यात कुठून तरी उचललेलं परदेशी यानाचं चित्र. जीपमधून उतरताना ताईंनी ते पाहिलं आणि पदर सावरायचं निमित्त करून मान खाली घातली. मंडप खचाखच भरलेला. पिंपळगावहून ट्रॅक्टर भरून लोक आलेले. पहिल्या रांगेत त्यांची आई, पांढऱ्या लुगड्यात. शेजारपाजारच्या बाया पुन्हा पुन्हा उठून आईला जयभीम घालत होत्या, हात हातात घेत होत्या.

मंत्री छान बोलले. म्हणाले, “आपल्या मातीतली ही बाई चंद्राची माती तपासणार आहे! दिल्लीत मी शब्द टाकला आणि निधी कमी पडू दिला नाही!” टाळ्या थांबेनात. हार घातले, शाल घातली, फेटा बांधला. ताई त्या सगळ्याच्या आत कुठेतरी होत्या. मग ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे आला. मी बाजूला, पायऱ्यांजवळ उभा होतो. त्या खरं सांगतील असं मला वाटलं. त्यांनी सांगू नये असंही वाटलं.

त्या अगदी थोडं बोलल्या, आणि वऱ्हाडीत. “माय-बाप हो, आम्ही एक नाक बनवलं. थे दगड हुंगत होतं. दगडात पाणी आहे का नाही, सांगत होतं. लोणारचा दगड त्यानं लय खेपा वळखला. लय गुणाचं होतं.” एवढं बोलून त्यांनी हात जोडले. मंडपात परत टाळ्या. मंत्र्यांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, छायाचित्रं निघाली.

खाली उतरल्यावर गर्दीतून आई पुढे आली. तिनं लेकीच्या डोक्यावरचा फेटा काढला, कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि हळूच विचारलं, “पोरी, तू ‘होतं’ काऊन म्हटलं?”

दोघी एकमेकींचा हात धरून मंडपाच्या मागच्या बाजूला गेल्या आणि रिकाम्या खुर्च्यांवर बसल्या. मंत्र्यांची गाडी निघेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

पुढे यान उतरलं. अगदी सुखरूप उतरलं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, आणि चित्रं फार सुंदर आली. आमच्या इमारतीत लोक नाचले. ताईंनी पेढे वाटले; तो आनंद खोटा नव्हता, त्या यानासाठी त्यांच्याही ओळखीची शंभर माणसं राबली होती. पण गावाकडून फोन येऊ लागले. “मॅडम, अभिनंदन, तुमचं यंत्र पोचलं!” आता सगळं जाहीर झालं होतं, तरी कुणी ते वाचलं नव्हतं. प्रत्येकाला त्या शांतपणे सांगत राहिल्या, “माझं यंत्र त्यात नाही. पण यान आपलंच आहे.” पलीकडचा माणूस गोंधळून पुन्हा अभिनंदन करायचा.

मध्ये एका परदेशी विद्यापीठानं नाक आपल्या मोहिमेत न्यायची तयारी दाखवली. आम्ही सरकारकडे परवानगी मागितली. त्या देशाशी तेव्हा आपलं बिनसलं होतं. नकार आला नाही. होकारही आला नाही. वाट पाहता पाहता ते यान निघून गेलं. ताई निवृत्त झाल्या, पिंपळगावला परत गेल्या. आई गेल्यावर त्या घरात एकट्याच राहत होत्या. आजूबाजूच्या मुलींना विज्ञान शिकवायच्या. गटाचा प्रमुख मी झालो, आणि काचेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

मग एक दिवस अचानक नाक हवंहवंसं झालं. दुसऱ्या एका देशाचं यान चंद्रावर पाणी शोधायला निघणार, अशी बातमी आली होती. आपण आधी शोधलं पाहिजे, असं वर ठरलं. वर्षानुवर्षं न मिळालेला निधी एका बैठकीत मिळाला. तारीखही आली. ती फारच जवळची होती. मला सांगण्यात आलं, तायडे मॅडमना सल्लागार म्हणून घ्या. त्यांनी एकदा ‘यंत्र तयार आहे’ म्हटलं की कुणी शंका काढणार नाही.

मी धावत पिंपळगावला गेलो. ताई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, मला हसू आवरत नव्हतं. त्यांचे हात थांबले. सूप त्यांनी मांडीवर ठेवलं. मग विचारलं, “रबराचे सील बदलले?”

“वेळ नाही, ताई.”

“लोणारले नेलं?”

“नाही. तारीख—”

“इतकी वर्षं बंद पडलेलं यंत्र. त्याच्या रबरात, त्याच्या नळ्यांत इथल्या हवेतली वल बसली असन. वर गेलं, तापलं, का थे सोताचाच वास हुंगन. अन् तुम्ही सांगान, चंद्रावर पाणी सापडलं.”

“नंतर दुरुस्त करता येईल. आकडे तपासून…”

“मोठ्या माणसानं भाषणात पाणी सापडलं म्हटल्यावर, नाही सापडलं असं कोण म्हणन? तू?”

मी चिडलो. म्हटलं, “ही शेवटची संधी आहे. आता नाही गेलं तर कधीच जाणार नाही. जन्म घातला तुम्ही याच्यात!”

“हाव,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच मले नको विचारू. मी हो म्हणून टाकीन.” आणि सूप उचलून परत तूर पाखडायला लागल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पण नाकाचा विषय त्यांनी निघू दिला नाही. बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. बस सुटताना खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, “अन्वर, तुले जे दिसते थे सांगजो. मले काय पाह्यजे, थे नको सांगू.”

आढावा बैठकीत मला तो प्रश्न विचारला गेला. खोलीत नवे संचालक होते, दिल्लीचे दोन अधिकारी होते, आणि माझ्या मागे माझ्या गटातली तरुण माणसं, ज्यांच्या नोकऱ्या या एका होकारावर टांगलेल्या होत्या. यंत्र तयार आहे का? मी म्हटलं, “तयार नाही.” कारणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. नाकाची जागा दुसऱ्या कशाला तरी गेली. कुणी मला बोल लावला नाही. फक्त त्यानंतर कुणी काही विचारलंही नाही.

बाहेर येऊन जिन्यात उभं राहून मी ताईंना फोन लावला. “ताई, मी नाही म्हटलं.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “बरं केलं बापा.”

आणि मग पलीकडून मला त्यांच्या रडण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग न दाबता आलेला. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. जिन्यातून माणसं वर-खाली जात होती. फोन त्यांनीही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. मी हो म्हणावं असं त्यांच्या मनात कुठेतरी होतं का, हे विचारायला मी दोनदा पिंपळगावला जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.