वसमतला चढलेली बाई

हिंगोलीहून सुटलेल्या गाडीत आम्हा बापलेकांचं वाजलं होतं. डॉक्टरकी शिकायला मला मुंबई हवी होती, वडिलांना हैदराबाद. निजामाचं राज्य, त्यामुळे माझी शाळा उर्दूतून झालेली आणि हैदराबादला डॉक्टरकीही उर्दूतूनच शिकवत. पूर्णेला गाडी बदलायची, तोवर ठरवणं भाग होतं.

वसमतला एक बाई चढली. हळद निवडून तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेले. आमच्या भांडणातला ‘डॉक्टर’ एवढाच शब्द तिने धरला आणि हात माझ्यापुढे केला.

“बघ बरं नाडी, लेकरा. लई अंग मोडून राहिलं.”

“मावशी, मी अजून शिकलोच नाही. कुठं शिकायचं तेही ठरेना.”

“मंग काय झालं? हात धरायला बी कालेज लागतं व्हय?”

वडील हसू लागले. मी ओशाळून तिचा हात धरला. तिने निवांत डोळे मिटले. पूर्णा येईपर्यंत मला तो सोडवेना आणि आमचं भांडणही पुन्हा पेटलं नाही.

“बरं वाटलं बघ,” म्हणत ती उतरली. कॉलेज कुठलं, याचं मला आता तेवढं वाटेना; मी हैदराबादची गाडी धरली.

नाडी मोजायला तिथे शिकलो. पण आजही घड्याळाकडे बघण्याआधी मी रोग्याचा हात थोडा वेळ नुसताच धरतो. ते शिकवणारं कॉलेज वसमतला चढलं होतं आणि पूर्णेला उतरून गेलं.