गाठीची बाजू खाली

सोमवारी मंडईत एका माशावर गाठ दिसली. बुधवारी दुसऱ्या माशावर तशीच दिसली. जबाबदार: गाठीची बाजू खाली ठेवून मासे मांडणारी विक्रेती, तिला ते पुरवणारा तळ्याचा ठेकेदार आणि नाकाला रुमाल लावून पुढे निघून गेलेले मंडईचे निरीक्षक. "तुकडे केल्यावर काय दिसतंय, साहेब?" मी बोट दाखवताच असे म्हणत विक्रेतीने कोयत्याने गाठ उडवली.

घरी जेवताना जीवशास्त्र शिकवणारी पुतणी म्हणाली, "काका, अशी गाठ विषाणूमुळेही येते. काही विषाणू तर फार पूर्वी माशांच्या बीजपेशींत शिरले नि जनुकांतच राहिले. आता ते पिल्लांना वारशानं मिळतात."

घुसखोराची वारस म्हणून नोंद! किळसवाणी वहिवाट.

"तुमच्या जनुकांतही आहेत हो तसले विषाणू," ती हसली. मी घास खाली ठेवला.

माशाला दाद मागायला न्यायालय नव्हते. घुसखोराला त्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, जमेल तेवढे निकामी केले. मंडईला मात्र निरीक्षक आहे, आणि तिथलाच मासा माझ्या नातीच्या ताटात येतो. निरीक्षकांनी नाक झाकलेले मी पाहिले; डोळे का झाकले, याचे उत्तर त्यांनी मंडईच्या दारात, सर्वांसमक्ष द्यावे.