अर्जातले अडीच महिने

वडील गलबतावर खलाशी होते. ते गेले तेव्हा मी पाचवीत. मग आई खाडीत कुजत घातलेली नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या जाड साली, काढून कुटायची आणि आम्ही दोघी बहिणी सुंभ वळायचो. आमच्या मसुरे गावात अशी घरं पुष्कळ होती. मॅट्रिक झालेली मुलगी मात्र आमच्या वाडीत एकच, आणि ती मी.

मॅट्रिकनंतर घाटावरच्या एका इस्पितळात शिकाऊ नर्स म्हणून लागले. ताप बघायचा, जखमा धुवायच्या, उठता न येणाऱ्या बायकांना अंघोळ घालायची. काम मला जमत होतं. अडीच महिन्यांनी आईचं कार्ड आलं. ताईची सोयरीक अडली होती. धाकटी इस्पितळात नको ते काढते, हे मुलाकडच्यांच्या कानावर गेलं होतं. मी परत आले.

त्या चतुर्थीला शेजारी फुगड्या चालल्या होत्या. मी हात पुढे केले, तर माझ्या बरोबरीच्या मुलीनं आपले मागे घेतले.

"काय गो, थंय लोकांचा गू-मूत काढून इलंस, आणि आता माझे हात धरतलंस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग फुगड्या संपेपर्यंत समईच्या वाती सारख्या करत बसले.

आईनं बजावलं होतं, "कोणी इचारल्यान तर मामाकडे होतंय म्हणान सांग." तसंच सांगत राहिले. ताईचं लग्न झालं. मी तिथं काय काय शिकले, हे घरातसुद्धा कधी कुणी विचारलं नाही.

पुढं रत्नागिरीला एका वकिलांकडे स्वयंपाक करून बी.ए. झाले. जवळच्या कट्टा गावच्या हायस्कुलात शिक्षिकेची जागा निघाली. आई थकली होती, आणि घरापासून जवळ अशी दुसरी जागा नव्हती. अर्जात पूर्वीच्या नोकरीपुढे मी लिहिलं: शिकाऊ परिचारिका, अडीच महिने. अर्ज आमच्या जुन्या मास्तरांना दाखवला.

"ह्या खोड गो. अडीच महिने बघून म्हणतले, ह्या खंयच टिकणा नाय."

"मास्तरांनू, केलंय ता केलंय."

"मगे जागा गेली तर माझ्याकडे रडत येऊ नको."

मुलाखतीत अध्यक्षांचं बोट नेमकं त्याच ओळीवर थांबलं. "इतक्या लवकर का सोडलीत?"

"बहिणीचं लग्न अडलं होतं, म्हणून घरच्यांनी बोलावून घेतलं. काम मला येत होतं."

मामाकडे होते असं न सांगण्याची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि बाजूला आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं. अध्यक्षांनी कागद उलटला आणि विचारलं, "मराठीबरोबर इतिहास घ्याल का?"

"घेईन," म्हटलं.

जूनमध्ये मी त्या हायस्कुलात रुजू झाले. पुढच्या वर्षी कायम झाले, आणि आईचं सोडणं कुटणं बंद केलं.