परबमावशींची हिरवळ

दिवाळी संपली की परबमावशी रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या लॉनवर अनवाणी उलट्या चालायच्या. मी मुलुंडला राहायला आलो त्या वर्षी मला वाटलं, बाईंचा गुडघ्यांसाठी काही व्यायाम असावा. बी विंगमधल्या दोन ज्येष्ठ नागरिकांनाही तसंच वाटलं असणार, कारण आठवडाभरात तेही उलटे चालू लागले आणि त्यातले एक कुंड्यांवर आपटले. शेवटी मी मावशींना विचारलंच. त्या म्हणाल्या, "गवतावरची माझी पावलां बघतंय. पाय उचलल्यार गवत उठला तर तेका पाणी नको. पाऊल तसाच रवला तर तहान लागली म्हणून समजायचा."

मावशी मूळच्या कुडाळकडच्या. नवरा परळला गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड भांडुपच्या चाळीत आलं आणि मावशी एका कंत्राटदाराच्या हाताखाली बागांमधलं तण काढायला जाऊ लागल्या. आमच्याकडे त्या आठ दिवसांच्या कामासाठी आल्या होत्या. कंत्राटदार निघून गेला, मावशी राहिल्या. अंगानं काटकुळ्या, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कमरेला खुरपं आणि बोलणं निम्मं कुडाळचं, निम्मं मुलुंडचं. माणसांना त्या नावानं हाक मारत नसत, हुद्द्यानं मारत. बँकेतून निवृत्त होऊन मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो त्या दिवसापासून माझं आडनाव त्यांच्यापुरतं संपलं आणि मी नुसता "सेक्रेटरी" झालो. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

मुंबईला कुठे आलीय थंडी, असं पुण्याचे पाहुणे हिणवतात. गवताला मात्र ती बरोबर कळते. दसऱ्यानंतर मावशी गवत कापायच्या मशीनचं पातं वर चढवायला लावत आणि गवत चांगलं बोटभर वाढू देत. "थंडीच्या दिसांत कोण टक्कल करता?" असं त्यांचं म्हणणं. पाणी द्यायचं ते सकाळीच, दोन-तीन दिवसांआड, पण मुरेपर्यंत. संध्याकाळी नळी हातात धरलेली दिसली की वॉचमनची धडगत नसे. "ओल्या केसांनी निजशीत काय रे रात्रभर? मगे गवताक कित्याक निजवतंस?" लॉनच्या कडेच्या जंगली बदामाची पानं त्या रोज वेचत, कारण दोन दिवस पान पडून राहिलं तर खालचं गवत पिवळं पडतं. दक्षिणेला नवा टॉवर झाल्यापासून डिसेंबरात आमच्याकडे ऊन फारच थोडा वेळ टिकायचं. तेवढं ऊन गवताला मिळावं म्हणून मावशी कुंड्या सरकवत बसत. आणि युरियाची गोण दिवाळी ते महाशिवरात्र पंपरूममध्ये कुलपात. "आता ता निजला. निजलेल्याच्या तोंडात घास कोंबूचो नसता," असं म्हणून किल्ली पदराला बांधत.

एका जानेवारीत माझ्या मुलीचं लग्न ठरलं. हळद सोसायटीच्या लॉनवर करायची, असा घरातला एकमुखी निर्णय. आता थंडीतलं लॉन काही फोटोत मिरवण्यासारखं नसतं. जरा राखाडी, जरा मरगळलेलं असतं. मी मावशींना सांगितलं, गवत हिरवंगार पाहिजे, गालिच्यासारखं. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"सेक्रेटरी, हळद गच्चीवर करा. पावसात ह्याच्यावर नाचलास तरी उठतला. आता तुडवलास तर उठूचा नाय."

"चार तासांचा तर प्रश्न आहे, मावशी."

"चार तास तुमका. तेका न्हय."

मला राग आला. सेक्रेटरी मी, मुलगी माझी, आणि ही बाई मला गवताच्या तब्येतीबद्दल सांगतेय. मी चांगल्या चढ्या आवाजात हुकूम सोडला. युरिया घाला, पाणी दोन्ही वेळा द्या आणि हळदीच्या आदल्या दिवशी अगदी बारीक कापा. मावशी पदराची गाठ सोडून किल्ली काढत म्हणाल्या, "तुम्ही सांगतास म्हणून करतंय."

आठ दिवसांत लॉन असं हिरवं झालं की लोक थांबून बघू लागले. मी मावशींकडे विजयी नजरेनं बघायचो आणि त्या बदामाची पानं वेचत असायच्या. हळद झकास झाली. मांडववाल्यानं आदल्या दुपारीच जाड कार्पेट अंथरलं होतं, ते तिसऱ्या दिवशी उचललं. खालचं गवत चपटं आणि ओलं होतं. दोन दिवसांनी सकाळी त्यावर बुरशीची पांढरी जाळी दिसू लागली, मग पिवळे चट्टे, आणि महिना संपेपर्यंत मधला सगळा भाग पेंढ्यासारखा. मी गॅलरीत उभं राहणं बंद केलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग भरली. चेअरमननी प्लास्टिकच्या गवताचा नमुना आणला होता, तो हातोहात फिरला. पाणी नको, कापणं नको, बाराही महिने हिरवं. "लॉनची पार वाट लागली ना," चेअरमन म्हणाले. "मावशींचं वय झालं यार. आता नाही जमत त्यांना." मावशींना बोलावलं गेलं. त्या हातात गवताचा एक गड्डा घेऊन आल्या. सुकलेली काडी नखानं सोलून त्यांनी आतला पांढरा भाग सगळ्यांपुढे धरला.

"मुळां जिती असत. माका पावसापर्यंत येळ द्या. फक्त पावसापर्यंत."

"पण मावशी, युरियाची गोण अर्धी झालीय. ऐन थंडीत घातला कोणी?" चेअरमननी विचारलं. "किल्ली तर तुमच्याकडेच असते ना?"

मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं हे सेक्रेटरीचं काम. मी रजिस्टरात मान घालून बसलो होतो. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं असावं, मला ते मान वर न करता कळलं. मग त्या म्हणाल्या, "मीच घातलंय." आणि ते खोटंही नव्हतं. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माळीणबाईंनी आपली चूक मान्य केली.' खाली पुढचा ठराव लिहिला. लॉन काढून कृत्रिम हिरवळ बसवणे, माळीणबाईंचं काम महिनाअखेर बंद करणे. सर्वानुमते मंजूर. त्या सर्वांत मीही होतो.

शेवटच्या दिवशी मावशी खुरपं धुऊन पिशवीत ठेवत होत्या. मी जवळ गेलो. आजूबाजूला कोणी नाही हे आधी पाहून घेतलं, तेही सांगतो. विचारलं, "मावशी, माझं नाव का नाही घेतलंत?"

"थय पोरीचो हळदीचो मांडव होतो," त्या म्हणाल्या. "त्या मांडवान गवत मारला, असा चार माणसांत कशाक बोलू? नव्या संसाराक बोल नको."

मी "थँक यू मावशी" म्हणालो. त्या गेटातून गेल्या आणि त्याच आठवड्यात लॉन उकरून त्यावर हिरवं प्लास्टिक चिकटवलं गेलं.

बँकेत आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या. स्वतःची एक उच्चारायला सप्टेंबर उजाडावा लागला. वार्षिक सभेत उठून मी सांगितलं की फेब्रुवारीच्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची आहे. चूक माळीणबाईंची नव्हती, माझी होती, त्यांनी मला आधीच बजावलं होतं आणि मी गप्प बसलो. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. चेअरमन म्हणाले, "अहो, आता कशाला ते." मागून कोणीतरी लिफ्टचा विषय काढला. दुरुस्ती मंजूर झाली.

त्या पानाची प्रत काढून मी भांडुपला गेलो. मावशी दारात वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली, सासर कसं आहे विचारलं. मग मी कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "चष्मो खय ठेवलंय कोण जाणे. तुम्हीच वाचा." मी वाचलं. वाचून होईपर्यंत त्या वाल सोलत राहिल्या.

"बरा केलात," त्या म्हणाल्या. मग अजिबात न रागावता पुढे म्हणाल्या, "पण तेव्हा बोलला असतात ना सेक्रेटरी, तर त्या गवताक पाऊस तरी गावलो असतो."

आणि चहा टाकायला आत गेल्या. मी कागदाची घडी करत दारात बसून राहिलो. त्या वर्षी पाऊस अगदी वेळेवर आला होता.