तोसदान

लढाई संपल्यावर जामखेडहून निरोप आला: 'शंकरचं तोसदान माझ्यापाशी आहे. येऊन घेऊन जा.' निरोप धाडणारा रहिमान माझ्या भावाच्या पलटणीतला. शंकर इटलीत पडल्याची तार आदल्या साली आली होती. तोसदान म्हणजे काय, आमच्या काष्टी गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला वाटलं, त्याच्या नावानं काही दानधर्म करायचा असेल. वडील म्हणाले, "तुमी दोघी जाऊन या. मला न्हाई जमायचं."

नगरपर्यंत रेल्वेनं गेलो. तिथून जामखेडची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. मध्ये निजामाची हद्द. नाक्यावर शिपायानं आमचं गाठोडं सोडायला लावलं. आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"कुठं चालला?"

"पोराच्या दोस्ताकडं," आई म्हणाली. त्यानं गाठोडं पुन्हा नीट बांधून दिलं.

आजही त्या रस्त्यानं जाणार असाल तर सकाळीच निघा आणि पाणी सोबत घ्या. आष्टीच्या पुढं नुसता उघडा माळ.

रहिमान कुबडी घेऊन दारात उभा होता. त्यानं आईपुढं कातडी पट्टा ठेवला. त्याला काडतुसं ठेवायच्या दोन थैल्या. हेच तोसदान. रहिमानचे वडील उर्दू शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "मूळ फारशी शब्द, बेटी. तोशा म्हणजे वाटेची शिदोरी. दान म्हणजे ठेवायची जागा, पानदान म्हणतो तसं. फौजेत शिदोरीच्या जागी काडतुसं आली."

रहिमान खाली बघत म्हणाला, "शंकरच्या तोसदानात काडतुसं न्हवती, आई. आमी पुढच्या खंदकात उपाशी अडकलो हुतो. त्यानं यात रोट्या भरल्या अन् सरपटत आला. आमाला दिऊन माघारी जाताना गोळी लागली."

"त्यानं खाल्लं हुतं का?"

"न्हाई. माघारी जाऊन खातो म्हनला."

परतीच्या वाटेवर पट्टा आईच्या मांडीवर होता.

घरी वडील ओट्यावर बसले होते. मी शब्दाचा अर्थ सांगू लागले, पण त्यांचं लक्ष आईकडं होतं. "उपाशी तर न्हवता ना पोरगा?"

"पोटभर जेवून निघाला हुता," आई म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

त्या संध्याकाळी वडिलांनी कितीतरी महिन्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. तोसदानाचा अर्थ मी पुढं पुष्कळांना सांगितला. रहिमानचं बोलणं मात्र वडील असेपर्यंत आम्ही दोघींनी कधी काढलं नाही.