शाळेच्या पायऱ्यांवरचं दार

झातरीच्या निर्वासित छावणीत फद्दाला कुणी गरीब गाय म्हटलं असेल, तर तो माणूस तिला भेटलेलाच नाही. नवऱ्याला सीरियातल्या हौरानच्या मातीत पुरून, लेकीला पाठुंगळी घेऊन ती सरहद्द ओलांडून आली. लेक नवाल आता नऊ वर्षांची. पाय जन्मापासून लुळे, डोकं मात्र तल्लख.

मदतीतून नवालला चाकाची खुर्ची मिळाली. देतानाच्या फोटोसकट मिळाली. पण छावणीभर खडी, तिच्यात चाकं रुततात, आणि शाळा पार दुसऱ्या टोकाला. लेकीला ने-आण करायला गाडी द्या, म्हणून फद्दाने वर्षभर कार्यालयाचे उंबरे झिजवले. तिथला मुनीरसाहेब माणूस वाईट नव्हता, पण कागदी घोडे नाचवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"बाई, नवालचं नाव यादीत आहे," तो म्हणाला.

"यादीत बसून ती वाचायला शिकेल का, साहेब?"

शुक्रवारची नमाज आटोपल्यावर फद्दा अबू झुहैरकडे गेली. कुंपणाचे पाइप जोडून त्याने चाकांचा गाडा केला होता. त्यावर अर्ध्या छावणीने आपापल्या पत्र्याच्या खोल्या सोयऱ्यांजवळ हलवल्या होत्या. बंदी होती म्हणा, पण बंदी असलेलीच कामं आमच्याकडे नीट होतात.

"कुठे न्यायची खोली?"

"शाळेच्या फाटकाला."

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? हाकलून देतील."

"हाकललेल्यांना आणखी कुठे हाकलणार?"

शनिवारी भर दुपारी आठ जणांनी खोली ढकलत नेली. नवाल आत बसून 'डावीकडे घ्या, काका' म्हणून सगळ्यांवर हुकूम सोडत होती.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली, तर वर्गाला तीन पायऱ्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "उचलून आणा हिला."

"मी पोतं नाही," नवाल म्हणाली.

फद्दाला ते लागलं. इतकी वर्षं तीच तर उचलत आली होती. ती खोलीवर गेली, दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या आणि दार आणून पायऱ्यांवर उतारासारखं टाकलं. नवाल खुर्चीतून वर्गात गेली. रोज जाऊ लागली. घराला दाराच्या जागी घोंगडी, आणि वारा तर असा की चहा कपात ओतेपर्यंत गार.

चौथ्या दिवशी मुनीरसाहेब आला. फद्दाने हिशोब केला. खोली परत हलवली, तर पोरगी पुन्हा यादीतच राहणार. ती जाऊन दाराच्या खालच्या टोकावर बसली.

"उठा बाई. उद्या सिमेंटचा उतार घालून देतो. दार घरी न्या."

"आणि खोली?"

त्याने फाटकाकडे पाहिलं, मग वर्गाकडे. आत नवाल धडा वाचत होती, अडखळत, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

"खोलीचा कागद अजून माझ्या टेबलावर आलेला नाही," तो म्हणाला. "पण थंडी पडलीय. दार तरी न्या."

"आधी उतार घाला, मग नेते. देशाविना राहतोय आम्ही साहेब, दाराविना मरणार नाही."

तेवढ्यात सुट्टी झाली. फद्दा उठून बाजूला झाली, आणि नवाल दारावरून खाली आली.