आई ज्यांच्याशी बोलली

डॉ. सुमती वाघचौरे यांना मी प्रथम पाहिले ते बीडच्या आमच्या महाविद्यालयात, मुलाखतीच्या दिवशी. मानसशास्त्र विभागात जागा एकच होती आणि बाहेरच्या बाकावर आम्ही दोघे उमेदवार. बाईंनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे केली आणि गावाकडची चौकशी केली. जागा त्यांना मिळाली. मला पुढच्या वर्षी मिळाली, आणि निवृत्तीपर्यंत मी त्यांच्यानंतरचाच राहिलो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी संपादकांनी मला लिहायला सांगितले. मला बाईंचा हेवा वाटतो, हे संपादकांना ठाऊक नसावे.

साठीनंतर माणूस नुसता झिजतो, की वाढतोही, हा बाईंच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी कुठे लांब जायचे ठरवले नाही. दिवाळी झाली की तेलगावच्या बाजूची कुटुंबे ऊसतोडीला जात आणि गावात म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन राहत. बाई त्यांच्याकडे जाऊन बसत. आयुष्यभर चुलीकडे न फिरकलेले एक आजोबा नातींसाठी भाकरी थापायला शिकले होते. बाईंनी त्यांच्यावर लिहिलेला निबंध पुण्याच्या परिषदेत वाचला, तेव्हा मोठमोठी माणसे त्यांच्याशी बोलायला बाहेर थांबून राहिली. माझा निबंध त्यानंतर होता. सभागृहात अध्यक्ष आणि बाई, एवढेच उरले होते. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि प्रश्नही विचारला. ते मला अधिकच झोंबले.

पण खरा हेवा वाटला तो घरात.

वडील गेल्यावर मी आईला दिंद्रुडहून बीडला आणले. तिला काही कमी पडू दिले नाही, पण ती बोलेनाशी झाली. जेवलीस का, हो. बरे आहे का, हो. एकदा विभागाच्या कामासाठी बाई घरी आल्या आणि आईशेजारी मेथी निवडत बसल्या. थोड्या वेळाने आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. मी गेलो तर दोघी गप्प झाल्या. मग बाई वरचेवर येऊ लागल्या. आई त्यांची वाट पाहू लागली.

न राहवून मी बाईंना विचारले, आई काय सांगते.

“सर, त्यांनी सांगितलंय ते त्यांचं आहे,” बाई म्हणाल्या. “मी परस्पर कसं देऊ? तुम्ही त्यांनाच विचारा.”

हा नियम मी स्वतः वर्गात शिकवत होतो. तरीही रागाने बरेच दिवस मी बाईंशी कामापुरतेच बोललो. शेवटी एका दुपारी आईजवळ बसलो आणि विचारले, बाईंशी बोलतेस, माझ्याशी का नाही.

“त्या इचारतेत आन् गप बसतेत,” आई म्हणाली. “तू इचारतोस आन् तूच बोलतोस.”

मी गप्प बसलो. मला ते फार जड गेले. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “मला दिंद्रुडला जायचंय. हितं लई सांभाळतेत मला. पर माझ्यावाचून कुणाचं काय आडत न्हाई.”

आई परत गेली. शेजारचे जोडपे तोडीला गेले की त्यांच्या मुली आईकडे असत. त्यांच्या वेण्या घालताना, त्यांना रागे भरताना मी आईला पाहिले, तेव्हा बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकाबाहेर दिसले.

शेवटच्या आजारात मी दिंद्रुडला तिच्या उशाशी असताना आईने विचारले, “बाई आल्या का?” मी निरोप धाडला. बाई आल्या, आईचा हात धरून थोडा वेळ बसल्या आणि एसटी चुकेल म्हणून लगेच उठल्या. त्यानंतर आई माझ्याशी खूप बोलली. दोन दिवसांनी ती गेली. बाई भेटायला आल्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावच्या स्टँडवर बसून होत्या, एसटीला बराच अवकाश होता, हे मला मागाहून तिथल्या चहावाल्याने सांगितले. आईचे बोलणे माझ्यासाठी सोडून उठणे, इतके साधे मला सुचले नसते, आणि मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला.

बाईंचे काम अजून थांबलेले नाही. सध्या त्या निवृत्त शिक्षकांशी बोलत आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मलाही बोलावले. एक साधा प्रश्न विचारला आणि त्या गप्प बसल्या. मी दुपारभर बोललो. पुण्याची परिषद, आईचे हसणे, इतक्या वर्षांचा हेवा, सगळे सांगितले. वाटले, त्या दुखावतील.

“ते मला दिसत होतं, सर,” बाई म्हणाल्या. “पुढं सांगा.”

पुढचे पुष्कळ सांगायचे राहिले आहे. ते ऐकायला सुमतीबाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यांचे कान असेच तिखट राहोत.